रिकाम्या पोळपाटाचा आवाज

फार पूर्वी, गावातल्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके झाले, तेव्हाची ही गोष्ट. अनसाबाईंच्या डब्यात पीठ उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी त्या कोरड्या पोळपाटावर लाटणं फिरवायच्या. भिंतीपलीकडच्या कोंडाकाकूंना वाटावं, इथे पोळ्या चालल्यात.

प्रत्येक खडखडीला पोळपाट दचकायचा. "लाटण्या, बाईंची धाकटी लेक भुकेनं उठतसुद्धा नाही रे. आपण गप्प बसू या का?"

"घाबरट मेला," लाटणं फणकारलं. "घराची अब्रू आपल्यावर आहे."

एका सकाळी कोंडाकाकू बोचकं घेऊन दारात आल्या. गाव सोडून निघाल्या होत्या.

"उरलेलं पीठ कोपऱ्यावरच्या म्हातारीला दिलं," त्या म्हणाल्या. "आधी तुझ्याकडेच आणणार होते गं. पण तुझं लाटणं रोज ऐकत होते. म्हटलं, हिचं बरं चाललंय."

"चाललंय की काकू," अनसाबाई हसून म्हणाल्या.

काकू गेल्या. आतून धाकटीनं क्षीण आवाजात विचारलं, "आई, झाली पोळी?"

दुसऱ्या सकाळी अनसाबाईंचा हात सवयीनं लाटण्याकडे गेला. पोळपाट दचकायला तयार होऊन बसला. पण भिंतीपलीकडे आता ऐकायला कुणीच नव्हतं.