वाघाचा शिक्का आणि नावेचा दोर

फार फार वर्षांमागं, नदीकाठच्या एका गावात तीन माणसांचं एक घर होतं. दोर वळणारा केरबा, त्याची बायको ठकू आणि ठकूची सासू. अंगणात अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा, ढीग, आणि त्या ढिगावर तिघांचं पोट.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं चाक गरागरा फिरवायचं, दुसऱ्यानं समोरचं टोक ताणून धरत पाऊल पाऊल सरकायचं. दोघं घाईचे असले तर दोराला गाठी पडतात. दोघं धिमे असले तर दोर पोचट होतो.

ठकू चाकावर, केरबा टोकाला.

"अहो, सरका की! मुंगी पुढं गेली."

"जाऊ दे. मुंगीला कुठं दोर वळायचाय?"

दिवसभर अशी बोलाचाली, आणि संध्याकाळी हत्तीलाही तुटणार नाही असा दोर.

एकदा राजानं एक पंडित आणला. तो म्हणे माणसं ओळखायचा. जगात माणसं चारच प्रकारची: वाघ, गाय, माकड आणि कासव. तीन प्रश्न विचारायचे आणि दाराच्या चौकटीवर गेरूचा शिक्का मारायचा. कोणाचं कोणाशी जमतं, तेही त्याच्या पोथीत लिहिलेलं!

ठकूच्या दारी तो नेमका कधी यावा? शेजारच्या बैलानं भिजवलेला वाख चघळला होता, आणि ठकू काठी घेऊन त्याच्यामागं धावत होती.

"बाई, तुला राग येतो का?"

"आत्ता? येणार नाही तर काय!"

पंडितानं पुढचे दोन प्रश्न विचारलेच नाहीत. वाघ! केरबा उत्तराचा विचार करत बसला, म्हणून तो कासव. मग पोथी उघडली. "वाघ आणि कासव विजोड. हे घर मोडणार."

"अहो, अकरा वर्षं उभं आहे ते!" ठकू म्हणाली.

"ऐकलीत डरकाळी?" म्हणत पंडितानं तेही लिहून घेतलं.

काय म्हणावं या अकलेला! बाई बोलली तर वाघ, आणि गप्प राहिली तर दबा धरलेला वाघ.

राजाचा हुकूम सुटला. आठ दिवसांत विजोड माणसांनी वेगळं व्हायचं. ठकूनं नदीपलीकडं माहेरी जायचं, केरबानं दुसऱ्या कासवाबरोबर दोर वळायचा.

सासू पंडितावर खवळली. "मी महिनाभर अंथरुणाला खिळले, तेव्हा या पोरीनं मला घास भरवले. तेव्हा कोण होती रे ही? लिही की तेही!"

पंडितानं ते मात्र लिहिलं नाही.

आठव्या दिवशी ठकू गाठोडं घेऊन घाटावर आली. सासू पदरानं डोळे पुसत मागं, केरबा मान खाली घालून तिच्या मागं. हुकूम पाळला जातो का ते बघायला राजा पंडिताला घेऊन घाटावर आला होता. ज्या दोराला धरून नाव पलीकडं ओढत नेत, तो त्या दिवशी नवा बांधला होता. दोन कासवांनी वळलेला.

ठकूनं त्यावर हात फिरवला. "हा दोर पोचट आहे. याच्या भरवशावर माणूस सोडू नका."

"वाघाला दुसऱ्याचं काम कधी आवडलंय?" पंडित हसला आणि पोथी काखेत मारून स्वतःच नावेत चढला.

नाव मधोमध गेली आणि दोराचा पीळ सुटत सुटत दोर तुटला. नाव वाहत जाऊन खडकाला अडकली, कलंडली, आणि पंडित खडकाला घट्ट धरून ओरडू लागला.

"वाचवा! वाचवा!"

ठकूच्या अगदी ओठांवर आलं होतं, की पोथीत बघा, काय उपाय लिहिलाय. पण बुडत्या माणसाशी कसला हिशेब? "अहो, चाक आणा! वाख आणा!"

आणि काय सांगू, कासव म्हणवलेला केरबा हरणासारखा धावला. वाघ म्हणवलेली ठकू काठावर बसून वाखाचा एकेक पेड निरखून निवडत राहिली. मग ती चाकावर, तो टोकाला. दोर वळला, टोकाला दगड बांधून भिरकावला आणि ओलाचिंब पंडित बाहेर ओढला.

राजानं विचारलं, "बाई, तू वाघ नाहीस तर कोण?"

ठकू संतापून म्हणाली, "महाराज, बैलामागं धावताना मी वाघ असेन, सासूच्या उशाशी गाय असेन. माझी घाई यांच्या धिमेपणाला टेकते, म्हणून आमच्या दोराला पीळ बसतो. तुम्ही तीन प्रश्नांवर आमची घरं मोडायला निघालात, आणि तीनही धड विचारले नाहीत!"

राजाची मान खाली गेली. त्यानं हुकूम मागं घेतला आणि गावातला प्रत्येक शिक्का पंडितालाच पुसायला लावला. केरबाच्या दारी सासू स्वतः पाण्याची घागर घेऊन उभी राहिली. "नीट घास, बाबा. वाघाची शेपटी राहिलीय."

घाटाच्या दोराचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्या घराकडं आलं. आणि वर्ष फिरायच्या आत, इतकी वर्षं मूल नसलेल्या त्या घरात पाळणा हलला. पाळण्याचा दोर दोघांनी मिळून वळला, भांडत भांडत.

तात्पर्य: माणूस एका शिक्क्यात मावत नाही; कोणाचं कोणाशी जमतं, हे सोबत राहणाऱ्यांनाच विचारावं.