तिळी आणि चिमूटभर सुकट

एक होती मांजर. इवलीशी. नाकावर काळा ठिपका, तिळाएवढा. म्हणून नाव तिळी.

तिळीची वाटी होती. वाटीत रोज भात. भातावर चिमूटभर सुकट. इवली इवली वाळलेली कोळंबी. काय वास! तिळी खायची. मचमच मचमच.

एक दिवस काय झालं? वाटीत भात नाही. वाटीत सुकट नाही. वाटीत गोल गोल दाणे. कडक. खडखड वाजणारे.

दिगूकाकाने आणले होते. चकचकीत पिशवीतून. मांजरांचा विकतचा खाऊ. दिगूकाका म्हणाला, "प्रीमियम आहे, प्रीमियम. आजपासून भात बंद. सुकट बंद. एकदम बंद." आणि सुकटीचा डबा ठेवून दिला माळ्यावर. तिळीला विचारलं? नाही विचारलं.

तिळीने वास घेतला. हुं हुं. पाय झटकला. फट्.
"प्रीमियम असेल," तिळी म्हणाली. "माझ्या ओळखीचं नाही. वर चिमूटभर सुकट हवी. मग खाईन."

पोटात गुडगुड. तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

माई तांदूळ निवडत होती. माई म्हणजे घरातली आजी.
"माई, माई, सुकट दे."
"देते की. पण डबा माळ्यावर. आबा काढतील, तेव्हा देईन."

तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

आबा खुर्चीत बसले होते. आबा म्हणजे आजोबा. सकाळपासून बसलेलेच.
"आबा, आबा, डबा काढा.
माई सुकट देईना.
तिळीचं पोट भरेना."
"काढतो की. पण चहा कुठाय? शैला चहा करेल, तेव्हा उठेन."

मोठी माणसं. बसल्या बसल्या दुसऱ्याचं नाव सांगतात.

तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

शैलाआत्या ओट्यापाशी उभी. हातात मोबाईल.
"आत्या, आत्या, चहा कर.
आबा डबा काढीनात.
माई सुकट देईना.
तिळीचं पोट भरेना."
"करते की. पण दूध संपलंय. दिगू दूध आणेल, तेव्हा करीन."

तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

दिगूकाका स्कूटरवर बसला होता. स्कूटर जागच्या जागी उभी.
"काका, काका, दूध आण.
आत्या चहा करीना.
आबा डबा काढीनात.
माई सुकट देईना.
तिळीचं पोट भरेना."
"आणतो की. पण फाटकात म्हैस बसलीय. म्हैस उठेल, तेव्हा जाईन."
"दुकान समोर आहे, काका. चालत जा."
"चालत?" काका म्हणाला. आणि तिथेच बसून राहिला.

मोठी माणसं. बसल्या बसल्या दुसऱ्याचं नाव सांगतात.

तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

म्हैस फाटकात बसली होती. रवंथ करत. चबक चबक.
"म्हशीबाई, म्हशीबाई, उठ.
काका दूध आणीना.
आत्या चहा करीना.
आबा डबा काढीनात.
माई सुकट देईना.
तिळीचं पोट भरेना."
"उठते की. पण कानात गोचीड चावतेय. बगळा गोचीड काढेल, तेव्हा उठेन."

तिळी निघाली. टुपुक टुपुक टुपुक.

बगळा कुंपणावर उभा. एका पायावर.
"बगळोबा, बगळोबा, गोचीड काढ.
म्हैस उठेना.
काका दूध आणीना.
आत्या चहा करीना.
आबा डबा काढीनात.
माई सुकट देईना.
तिळीचं पोट भरेना."
"गोचीड, गोचीड. रोज तेच," बगळा म्हणाला. "कंटाळा आला. काहीतरी नवीन दे. मग काढतो."

तिळी थांबली. नवीन? नवीन तर वाटीभर पडलंय.

आता टुपुक टुपुक नाही. तिळी पळाली. टुणटुण टुणटुण टुणटुण. वाटीतला एक दाणा तोंडात धरला. धावत आणला. बगळ्यापुढे ठेवला. खट्.

वाटेत जिभेला चव लागली होती. वाईट नव्हती. तिळीने कुणाला सांगितलं नाही.

बगळ्याने दाणा खाल्ला. कुटुक.
"अगं, यात मासा आहे."
"असेल," तिळी म्हणाली. "आधी गोचीड."

मग काय!
बगळ्याने गोचीड काढली. टुच्.
म्हैस उठली. हुऽऽश्श.
काका गेला. भुर्रर्र. दूध आणलं.
आत्याने चहा केला. खळखळ खळखळ.
आबा चहा प्यायले. सुर्रर्र. आबा उठले. गुडघे वाजले. कट्कट्.
आबांनी डबा काढला. खडंग.
माईने डबा उघडला. चिमूट भरली.

तेवढ्यात काका आला. हातात चहाचा कप.
"माई, सुकट कशाला? एकदम बंद म्हटलं होतं ना?"
तिळी काकापुढे बसली. शेपूट पायाभोवती.
"काका, तुझा चहा बंद करू? आजपासून? एकदम?"
काकाने कपात तोंड घातलं.

माई हसली. दाण्यांवर सुकट पडली. भुर् भुर् भुर्.
तिळीने वास घेतला. हुं हुं. ओळखीचा.
तिळीने दाणा खाल्ला. कुडुम. अजून एक. कुडुम. कुडुम कुडुम कुडुम.

"उद्या थोडी कमी सुकट चालेल," तिळी म्हणाली. "परवा अजून कमी. पण एकदम बंद नाही."
"बरं बाई," माई म्हणाली.

सुकट रोज थोडी कमी. दाणे रोज थोडे जास्त. मग एक दिवस सुकट नाहीच. वाटीत नुसते दाणे. तिळीने खाल्ले. कुडुम कुडुम. फाटकात बगळा वाट बघत होता. त्याच्यासाठी एक ठेवला.

दिगूकाका सगळ्यांना सांगत सुटला, "बघा, मीच लावली सवय."
तिळी काही बोलली नाही.
तिच्या तोंडात दाणा होता.

वाटी झाली चाटून, गोष्ट गेली आटपून.