सहा तोळ्यांची गोळी

“आणि गोळी केवढी?”

“सहा तोळ्यांची.”

दावलबाबांनी भात्यावरचा हात काढला. भट्टीतला लाल निखारा हळूहळू काळवंडला.

“सहा...”

“सहा. आणि नळी पाच हात. त्याखाली नको.” सिधोजी करांडे उभ्याउभ्याच बोलत होता. “बाबा, अशी बंदूक या मुलखात कुणी पाहिली नसेल. तुम्ही घडवा, मी चालवतो. मग बघा.”



गडाला वेढा पडला होता. थंडीत आलेला गनीम उन्हाळा लागला तरी हलला नव्हता. समोरच्या डोंगराची एक सोंड गडाकडं वळलेली, तिला वाघसोंड म्हणत. गनिमानं तिच्यावर तोफ चढवली होती आणि तिचा मारा रोज एकाच जागी, पाण्याच्या टाक्याच्या भिंतीवर. भिंतीला तडा गेला होता. बायका चुना-चिखल कालवून तो भरत, सकाळी तोफ वाजली की तो पुन्हा उघडायचा. पाणी दरीत झिरपत चाललं होतं. गडावर दुसरं पाणी नव्हतं.

गडावरची एकही बंदूक वाघसोंडेला पोचत नव्हती. गोळ्या अलीकडंच दरीत गळून पडायच्या. गनिमाचा गोलंदाज हे जाणून होता. लाल शेला बांधलेला तो उंचनिंच माणूस तोफ डागून झाली की तिच्यापुढं उघड्यावर येऊन उभा राहायचा आणि गडाकडं बघत सावकाश पाणी प्यायचा.

ते पाणी पिणं सिधोजीच्या काळजाला झोंबलं होतं. उडती घार पाडणारा म्हणून पाच-पंचवीस गावांत त्याचं नाव. आणि इथं एक माणूस त्याच्यासमोर छाती काढून उभा राहतो...

म्हणून तो माचीवरच्या पिराच्या तक्यात, फकिराच्या मठीत, आला होता. दावलबाबा तिथं राहत. एके काळी बंदुकीची नळी घडवण्यात आणि ती चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग त्यांनी कफनी घातली. ऐरण मात्र ठेवली. आता तिच्यावर विळे आणि फाळ घडत. तरीही गडावरचा कुणीही बंदूकवाला तक्यावरून जाताना पायातलं काढल्याशिवाय पुढं जात नसे.

“पाच हात नळी तोलायला माणसं किती लागतील?” बाबांनी विचारलं.

“दोन. एक पुढून धरील.”

“दोघांचा श्वास एक कसा करशील?”

सिधोजीनं हवेत नळीची लांबी मापली आणि हात खाली घेतले.

“चार हात पुष्कळ झाली,” बाबा म्हणाले. “लाकडी बेचक्यावर टेकवली की एका माणसाला पेलते. आता गोळीचं बघू.”

ते आत गेले आणि एक जुनी, अंगानं जाडजूड बंदूक ओढत बाहेर आले. तिचं तोंड एवढं मोठं की सिधोजीचा अंगठा सहज आत गेला असता. तटावर ठेवून चालवायची बंदूक होती ती. कुणी चालवली, कधी चालवली, कुणाला आठवत नव्हतं.

“ही सहा तोळ्यांची. तू तोंड फिरव, मी भरतो.”

सिधोजीनं पाठ केली. मागं बार ठासायच्या गजाचा आवाज झाला. मग बाबांनी तोडा, बंदुकीची वात, पेटवून दिला आणि दरीपलीकडच्या पांढऱ्या धोंड्याकडं बोट केलं.

सिधोजीनं बंदूक खांद्याला लावली. एवढ्या मोठ्या तोंडाचा दणका कसा बसेल, हे त्याच्या खांद्याला आधीच कळलं होतं. त्यानं श्वास रोखला. चाप ओढला.

तोडा खाली आला... आणि विझला.

ना धूर, ना आवाज.

“दारू ओली असेल,” सिधोजी म्हणाला.

“दारू घातलीच नव्हती. गोळीही नव्हती.” बाबा त्याच्या तोंडाकडं बघत होते. “धोंडा दिसत होता?”

“दिसत होता की.”

“चाप ओढताना?”

चाप ओढताना त्याला धोंडा दिसला नव्हता. काहीच दिसलं नव्हतं. त्याचा डोळा मिटला होता. रिकाम्या बंदुकीला.

त्याचे कान लाल झाले. बरं, बघायला तिसरं कुणी नव्हतं.

“बाबा... हे आजचंच असेल.”

“असेल,” बाबा म्हणाले. आणि मग इतक्या मायेनं की सिधोजीला ते आणखीच लागलं, “घार पाडतोस तेव्हा तुझा डोळा उघडा असतो. मी पाहिलंय. तुझ्यासारखा डोळा गेल्या कैक वर्षांत या गडावर आला नाही. म्हणून तर तुझ्याशी बोलतोय.”

दुसऱ्या दिवशीपासून तक्यातला घण पुन्हा वाजू लागला. कफनीच्या बाह्या वर सारलेले दावलबाबा लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायचे आणि वेढ्याला वेढा सांधत जायचे. सिधोजी भाता ओढायचा. म्हातारा असा कामाला लागला की त्याच्याकडं बघत राहावं. एकही घाव वाया जात नव्हता आणि एकाही घावात घाई नव्हती, जणू गडाला वेढा पडलेलाच नाही. तोफ वाजली की सिधोजी दचकायचा. बाबांचा घण मात्र ज्या लयीत वर गेला, त्याच लयीत खाली यायचा.

नळी झाली. सरळ, सुतासारखी. सिधोजीनं तिच्यातून आभाळाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाबा, हिचं तोंड तर दोन तोळ्यांचंही नाही!”

“नाही.”

“दरी तरी ओलांडेल का हिची गोळी?”

बाबांनी लांब दांड्याचा बरमा आणि तेलाची बुधली त्याच्यापुढं ठेवली.

“रुंद तू कर. थोडं खरवडायचं, गोळी ओतायची, झाडून बघायची. पुन्हा खरवडायचं. पुरे वाटलं की थांब.”

“कधी पुरे वाटेल?”

“ते मला काय ठाऊक? खांदा तुझा, डोळा तुझा.” बाबा उठले. मग दारातून वळून म्हणाले, “एक ध्यानात ठेव. खरवडलेलं लोखंड परत आत भरता येत नाही.”

सिधोजी बसला. बरमा फिरवायचा, लोखंडाचा कीस झटकायचा, तेल सोडायचं. हाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. गडाच्या मागच्या बाजूला, गनिमाला न दिसणाऱ्या दरीपलीकडं वाघसोंडेइतक्याच अंतरावर एक काळा खडक होता. तो त्यानं निशाणाला धरला. पहिल्या गोळ्या दरीच्या पोटात कुठं गेल्या, कळलंही नाही. मग नळी रुंदावत गेली तशी खडकाच्या बऱ्याच खाली धूळ उडू लागली. मग त्याहून वर.

दर वेळी बार काढताना बाबा त्याच्या बाजूला येऊन बसत. खडकाकडं कधी बघत नसत, सिधोजीच्या डोळ्याकडं बघत. बार झाला की मान हलवत आणि उठून जात.

गोळी साडेतीन तोळ्यांवर आली, त्या दिवशी खडकाच्या पायथ्याशीच धूळ उडाली. सिधोजीचा खांदा सुन्न झाला होता. पण खडक त्याला दिसत राहिला होता. चाप ओढण्याआधी, ओढताना आणि नंतरही. वाऱ्यानं धूर बाजूला नेला आणि गोळी जाऊन पडेपर्यंत तो पापणी न लववता बघत होता. असं बघायला मिळतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

हवालदार येमाजी मागं उभा होता. किल्लेदारानं त्याला मुद्दाम धाडलं होतं.

“थोडक्यात राहिली की!” येमाजी म्हणाला. “आणखी खरवड. चार तोळे कर, पाच कर. टाक्याची भिंत आज पडते का उद्या, अशी गत आहे.”

सिधोजीनं बरमा उचलला. नळीच्या तोंडाशी नेला.

तिथंच थांबला.

त्यानं बाबांकडं पाहिलं. बाबा मुंग्यांची रांग बघत बसले होते.

“काय झालं?” येमाजीनं विचारलं.

“आणखी खरवडली तर गोळी जाईल,” सिधोजी सावकाश म्हणाला, “पण मी राहीन मागं.” आणि त्यानं बरमा तेलाचं फडकं गुंडाळून ठेवून दिला.

येमाजी संतापला. गड तहानेनं मरायला टेकला आणि या गड्याला कसले चोचले सुचतात, असं ओरडत तो ते किल्लेदाराच्या कानावर घालायला निघून गेला. सिधोजीनं खालमानेनं ऐकून घेतलं. आतून तोही घाबरलाच होता. उद्या गोळी कमी पडली तर दोष कुणाचा, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

मग तो राहिलेल्या दिवसांत खरवडायचं सोडून शिकायच्या मागं लागला. नळीचं तोंड किती वर उचललं तर गोळी खडकाच्या माथ्यावर उतरते... दारू चिमूटभर वाढवली तर काय होतं... सकाळचा वारा दरीतून कसा चढतो, ऊन आलं की कुठं वळतो. घारी कुठं तरंगतात आणि कुठं पंख हलवतात, हेही तो बघत बसे. इतकी वर्षं त्यानं घारी पाडल्याच होत्या, बघितल्या नव्हत्या.

एका सकाळी काळ्या खडकाचा टवका उडाला.

“उद्या,” सिधोजी म्हणाला.

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सिधोजी तटावर पालथा पडला. नळी बेचक्यावर होती. येमाजी शेजारी. पलीकडं वाघसोंडेवर हालचाल दिसली. लाल शेला दिसला. गोलंदाज तोफेमागं आला, हातात पेटता पलिता घेऊन वाकला.

सिधोजीनं श्वास सोडला. अर्धा सोडला आणि ठेवला.

बार झाला.

वाऱ्यानं धूर नेला. सिधोजीला सगळं दिसलं. पलिता हातातून उडाला. गोलंदाजानं दंड धरला, एक गिरकी घेतली आणि तो तोफेच्या चाकाशी बसकण मारून कोसळला. मागचे लोक वाट फुटेल तिकडं पांगले.

तटावर एकच ओरडा झाला. येमाजीनं सिधोजीच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याची हनुवटी दगडाला लागली.

सिधोजीचे हात आपसूक चालू होते. दारू, गोळी, गज. बंदूक पुन्हा भरली गेली, पुन्हा बेचक्यावर आली.

आणि तेवढ्यात वाघसोंडेवर दोन माणसं परत आली. पळालेल्यांतलीच. हातात हत्यार नव्हतं. आता गडाची गोळी इथं पोचते, हे डोळ्यांनी बघूनही ती उघड्यावर आली होती. एकानं डोकीचा पटका सोडला आणि गोलंदाजाच्या दंडाला गुंडाळायला लागला. दुसरा नुसता मधे उभा राहिला. गडाकडं तोंड करून.

“दोघंही टप्प्यात आहेत,” येमाजी कुजबुजला. “ओढ!”

उभा राहिलेला माणूस नेमका नळीच्या माशीवर, नेमाच्या खुणेवर होता. वारा पडलेला. एवढा सोपा नेम सिधोजीला आयुष्यात मिळाला नव्हता.

“सिधोजी, ओढ ना!”

सिधोजी बघत राहिला. तो ठेंगणा माणूस जागचा हलला नाही. मागच्यानं जखमीला खांद्यावर घेतलं, तेव्हाच हा उलट्या पावलांनी चालत मागं सरला. तिघं सोंडेआड झाले.

सिधोजीनं तोडा काढला आणि दगडावर चुरडून विझवला.

दुपारी गनिमानं तोफ मागं ओढून नेली. तिथून तिचे गोळे टाक्याला पोचेनात, दरीत जाऊन आदळत. संध्याकाळपर्यंत बायकांनी तडा बुजवला. या खेपेला तो बुजलेला राहिला. एका म्हातारीनं टाक्यातलं पहिलं ओंजळभर पाणी आणून सिधोजीच्या हातावर ओतलं. किल्लेदारानं भर सदरेवर त्याच्या खांद्यावर आपला शेला घातला. दुसऱ्या गोळीबद्दल येमाजीनं सांगितलं होतंच, पण ते किल्लेदारानं कानाआड केलं.

दिवस मावळायच्या सुमारास सिधोजी तक्यात आला. शेला त्यानं काखेत दाबून धरला होता. बंदूक भिंतीला टेकवून तो बाबांच्या पायाशी बसला.

“भरलेलीच आहे अजून,” सिधोजी म्हणाला.

बाबांनी मान हलवली. येमाजीचं गाऱ्हाणं माचीपर्यंत आलं होतं.

“चुकलो का बाबा?”

बाबांनी हात पुढं केला आणि सिधोजीच्या हनुवटीवरचं रक्त कफनीच्या टोकानं पुसलं.

खाली टाक्यावर घागरींचा आवाज चालला होता.

“किल्लेदार विचारत होते,” शेवटी सिधोजी म्हणाला. “बाकीच्या गडांनाही कळवायचंय म्हणे... या बंदुकीची गोळी कुठवर जाते? काय सांगू?”

दावलबाबा वाघसोंडेकडं बघत राहिले. तिच्या माथ्यावर आता कुणी नव्हतं.

“सांग, झाडलेली त्या सोंडेपर्यंत गेली...” ते म्हणाले. “न झाडलेली अजून चाललीय.”