विसावे पिल्लू

मुलांनो, एका जंगलात नाल्याच्या अलीकडे जांभळाचे झाड होते आणि त्या झाडावर एक तरुण खार राहत असे. तिला एकच लेक. झाडाखाली टिटवीबाईंची शाळा भरे. कुणाचेही पिल्लू असो, तिथे त्याला येऊन बसता येई; खारीची लेकही तिथेच शिके. ही सळसळ वाऱ्याची की कुणाच्या पावलांची, हे बाई डोळे मिटायला लावून शिकवत. बाईंची एक आरोळी आली की जागच्या जागी थांबायचे. दोन आल्या की झाडावर नाहीतर बिळात. "विचारायचं नंतर!" असे बाई रोज बजावत. पण पुढे ज्येष्ठांच्या पंचायतीने बाईंना कामे लावली. आज वारुळे मोजा, उद्या पाणवठे मोजा, परवा पुन्हा वारुळेच, कारण आधीचा आकडा पंचायतीकडूनच हरवला! बाई रानभर फिरत आणि इकडे पिल्ले एकमेकांच्या शेपट्या ओढत बसत.

नाल्यापलीकडे मोराने नवी शाळा काढली होती. तिथे मान ताठ ठेवून चालायला शिकवत. पंचायतीतल्या सगळ्यांची नातवंडे तिकडेच जात. होता होता जांभळाखाली एकोणीस पिल्ले उरली. तेव्हा पंचायतीचा प्रमुख, म्हातारा वानर, याने जाहीर केले, "पौर्णिमेपर्यंत पट वीस झाला नाही तर ही शाळा बंद. ज्याने त्याने आपल्या आवडीची शाळा निवडावी!"

खार लेकीला घेऊन मोराकडे गेली. मोराने लेकीला पुढून पाहिले, मागून पाहिले. "हिला मान कुठाय?" तो म्हणाला. "अशी पिल्लं आम्ही घेत नाही."

खार तडक पंचायतीत शिरली. वानर तिच्या शेजारच्या फांदीवरचा. लहानपणी तिला पाठीवर घेऊन त्याने अख्खे जंगल दाखवले होते.

"आजोबा, निवडा म्हणालात ना? मी निवडायला गेले, तर मोरानंच आम्हाला हाकललं. मग निवड कुणाची झाली?"

"अगं, कालची पोर तू! धोरणातलं तुला काय कळतंय?" वानर हसला. "घे, बोर खा."

"बोर नको. आमच्या बाई द्या! तुम्हीच त्यांना वारुळं मोजायला धाडता आणि तुम्हीच म्हणता, शाळेत काही शिकवत नाहीत. तुमचा नातू इथं असता, तर धाडलं असतंत?"

वानराने ते बोर स्वतःच्याच तोंडात टाकले. भरल्या तोंडाने बोलू नये, हे त्याला बरोबर तेव्हाच आठवले.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी शाळा बंद करायला पंचायत जांभळाखाली जमली. नातवंडेही बरोबर आली होती. टिटवीबाई आकडा सांगायला उभ्या राहिल्या. "वारुळं दोनशे..." आणि त्या मध्येच थांबल्या. गवताकडे कान दिला. मग दोन आरोळ्या! डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकोणीस पिल्ले गायब. वानराचा नातू मात्र मोकळ्यावर मान ताठ करून उभाच, आणि गवतातून बिबट्या निघालेला. खारीची लेक सरसर खाली आली आणि नातवाच्या शेपटीला कडकडून चावली. "विचारायचं नंतर! चढ!" तो ओरडत वर चढला, ती त्याच्या पुढे. बिबट्याच्या पंजाने नुसती साल ओरबाडली. पंचायतीतला हत्ती चीत्कारत धावला, तेव्हा कुठे बिबट्या पळाला.

वानराने नातवाला छातीशी धरले.

"आजोबा," नातू मुसमुसत म्हणाला, "दोन आरोळ्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

पंचायत काहीही न ठरवता उठली. दुसऱ्या दिवशी उजाडताच वानर नातवाचा हात धरून जांभळाखाली हजर. पट वीस झाला.

"आणि बाई?" खारीने वरूनच विचारले.

"बाई इथंच राहतील, माझे आई!"

"मग वारुळं कोण मोजणार?"

वानराने डोके खाजवले, काठी उचलली आणि चालू लागला. चाळिसाव्या वारुळाशी तो आकडा विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. असे रोजच होऊ लागले. एके संध्याकाळी तो दमून परतला, तर त्याच्या फांदीवर पिकल्या बोरांची रास.

"काय आजोबा, आजही चाळीसच?" शेजारून आवाज आला.

"गप गं, कार्टे!" म्हणत वानराने एक बोर तिच्या दिशेने फेकले. तिने ते झेलले आणि लेकीला दिले.

तात्पर्य : दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेचे धोरण ठरवणाऱ्यांनी आधी आपली मुले त्या शाळेत बसवावीत. मग ती बंद करण्याऐवजी सुधारायचे त्यांना आपोआप सुचते.