अशुद्ध खूण

केतके, हातातलं काम ठेव आणि आधी हे ऐक. आज सकाळी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

खरं तर हे गोष्टीसारखंच सांगायला हवं. एकदा एक शहाणी म्हातारी होती आणि तिच्याकडे एक दीडशहाणी शिष्या आली. म्हातारी म्हणजे आमच्या शाळेच्या गुरुआमा. इथे नेपाळात बाईंना तसंच म्हणतात. आणि दीडशहाणी कोण, ते तुला सांगायला नको.

गुरुआमा सत्तरीच्या, जन्मापासून बहिऱ्या. डोंगरातल्या या गावात बहिऱ्या मुलांसाठी दोन खोल्यांची शाळा त्यांनी काढली. मी तीन महिन्यांसाठी आलेली पाहुणी. पुण्यात केलेला कोर्स आणि इथल्या खुणांचं पाठ केलेलं पुस्तक, एवढ्या भांडवलावर शिकवते. आमचं दोघींचं बोलणं अर्धं खुणांनी, अर्धं पाटीवर. लिपी एकच, त्यामुळे त्या नेपाळीत लिहितात, मी हिंदीत, आणि भागतं.

माझ्या वर्गात सुनमाया नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. आली तेव्हा तिला चार-पाचच खुणा यायच्या, त्याही घरी स्वतःच बनवलेल्या. त्यातली एक आईची. दोन्ही मुठी कपाळाशी न्यायची आणि कानांवरून मागे ओढायची, चांगली जोर लावून. मला ते काहीतरीच वाटायचं. पुस्तकात 'आई'ची खूण किती नेटकी आहे. चेहऱ्याजवळ एक बोट, झालं. मग तिने मुठी कपाळाला लावल्या की मी तिचे हात हळूच खाली घ्यायची आणि बरोबर खूण करून दाखवायची. रागावले कधीच नाही गं. प्रेमाने करायची, हेच आता टोचतंय. तीन आठवड्यांत तिने जुनी खूण सोडली आणि मी डायरीत लिहिलं, 'सुनमाया: उत्तम प्रगती.'

परवा शाळेतून घरी जाताना ओढ्यावरच्या साकवाची फळी निसटलेली होती. सुनमाया अलीकडे एकटी अडकली. समोरच्या चढावर तिची आई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिने वळून लेकीकडे पाहिलंसुद्धा. सुनमायाने आईला हाक मारली, मी शिकवलेली. चेहऱ्याजवळ एक बोट. एवढ्या लांबून आईला वाटलं, पोरगी नाक पुसतेय. ती आपल्या वाटेने निघून गेली.

अंधारून आल्यावर आई शोधत आली तेव्हा सुनमाया तिथेच बसलेली होती आणि बोट अजून चेहऱ्याजवळ होतं. मुठी कपाळाशी नेल्या असत्या तर आई तेव्हाच धावत आली असती. पण ती खूण चुकीची असते, हे तिला मी शिकवलं होतं.

आज सकाळी आई शाळेत आली. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची उंच टोपली, गवताने भरलेली.

"मिस, माझी पोर बहिरी होती, मुकी नव्हती," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "मुकी तुम्ही केलीत. मी घेऊन चालले तिला."

"अहो, पण ती आता बरोबर खूण करते. तुम्हीही शिकलात तर..."

"मी गवत कापू का बोटं नाचवत बसू?"

मी धावत गुरुआमांकडे गेले. पाटीवर सगळं लिहिलं आणि शेवटी माझं म्हणणं ठासून लिहिलं, 'पण ती जुनी खूण अशुद्ध आहे.' अशुद्ध या शब्दाखाली रेघसुद्धा मारली.

गुरुआमांनी ते वाचलं. पाटी बाजूला ठेवली, उठल्या आणि अंगणात गेल्या. आईच्या पाठीवरचा डोको उतरवला आणि माझ्या पाठीवर चढवला. त्याचा पट्टा खांद्यावर नसतो, कपाळावर असतो. सगळं वजन कपाळाने ओढायचं. पट्टा बसवून त्यांनी वरच्या नळाकडे बोट दाखवलं. जाऊन ये.

मला काही कळेना. पोरं हसत होती. आई म्हणाली, "सांभाळा मिस, घसराल."

मी निघाले. दहा पावलांत मान ताठ झाली. फक्त स्वतःचे पाय दिसत होते. पट्टा कपाळात रुतत होता, आणि भार जरा कमी व्हावा म्हणून माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि कानांशी पट्टा धरून ओढू लागले.

परत आले. गुरुआमांनी डोको उतरवला आणि सुनमायाकडे बोट दाखवून पुस्तकातल्या खुणेने विचारलं, "हिची आई कोण?"

माझ्या दोन्ही मुठी कपाळाशी गेल्या आणि कानांवरून मागे आल्या. मी ठरवलं नव्हतं गं. तसं झालं. पोरांचं हसणं थांबलं.

मग गुरुआमांनी पाटी घेतली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'पुस्तकातली खूण मीही शिकवते. पुढे शहरातल्या शाळेत हिला तीच लागेल. पण तू हिला दुसरी खूण दिली नाहीस, पहिली काढून घेतलीस. ज्या हाकेला आई वळते, ती हाक शुद्ध.'

मी मान डोलावली. त्यांनी पाटी पुसली आणि आणखी एक ओळ लिहिली, 'तुझी आई शुद्ध बोलते का?'

केतकी, आमच्याकडे तू सहा वर्षं येतेयस. 'चहा घे' यापलीकडे माझ्या आईला बोलताना ऐकलंयस? ती परांड्याकडची. आनी, पानी, लोनी असं बोलायची, भरभरून. आठवीत पालकसभेला निघताना मी तिला म्हटलं होतं, "तू काही बोलू नकोस, बाबा बोलतील." तेव्हापासून ती लोकांसमोर, अगदी माझ्यासमोरही, 'पाणी'तला 'ण' सांभाळून उच्चारते, जड हंडा उचलल्यासारखा. नाहीतर बोलतच नाही.

मी सुनमायासमोर बसले आणि तिची खूण केली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, चालेल का असं. मग नकारार्थी मान हलवली, माझी मनगटं धरली, कपाळावर जरा खाली आणली आणि जोरात मागे ओढली. अशी, हातांनीच म्हणाली. मी अशुद्ध करत होते.

तिची आई तोवर, लेकीला मागून यायला खुणावून, डोको घेऊन चढाला लागली होती. सुनमाया अंगणाच्या कडेला गेली. मुठी कपाळाशी नेल्या आणि ओढल्या. आईची नजर वळली आणि ती भाऱ्यासकट अर्धा चढ उतरून खाली आली. लेकीला पोटाशी धरून मला म्हणाली, "उद्या पाठवते. पण उद्या मीही बसणार. बघू, कशी बोटं नाचवता."

मघाशी मी घरी फोन लावला. आईने उचलला आणि नेहमीचंच म्हणाली, "थांब, बाबांना देते."

"नको, तूच बोल."

ती म्हणाली, "तिथं पाणी चांगलं मिळतं का?" तो 'ण' तिने पुन्हा तसाच उचलून ठेवला.

'पानी म्हण गं' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेही तिला दुरुस्त करणंच झालं असतं ना? मी नुसतं "हो" म्हणाले.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?