तांबडं पातं आणि शाहीस्नानाचा चौरंग

चाक थांबवायचं नाही, चाकाला कुणी हात लावायचा नाही, आणि तरी त्याच्या चोवीस पात्यांतलं तडकलेलं पातं कोणतं, ते दिवस मावळायच्या आत सांगायचं! नाही जमलं तर भिवाने बायकोला घेऊन राज्याबाहेर चालू पडायचं. गंभीरराव महाराजांचा हुकूम असा सुटला आणि महाराज जेवायला बसले.

भिवाचा गुन्हा एवढाच, की तो खरं बोलला. नदीवरच्या त्या लोखंडी पात्यांच्या चाकाला तो रोज वंगण घाली. आठवडाभर आसाला हिसका बसत होता. एखादं पातं मुळाशी तडकलंय, चाक थांबवून बघू द्या, असं तो म्हणाला. पण आपलं चाक बसवल्यापासून थांबलेलं नाही, असं महाराजांनी पाचपंचवीस राजांना ऐकवलं होतं. आता ते कुठले थांबवतात!

भिवाची बायको हौसा राजवाड्यात दळण दळायची. हुकूम ऐकताच तिने जातं सोडलं, ते देश सुटेल म्हणून नव्हे. पातं निखळलं तर खाली वंगण घालत कोण असणार, हे तिला ठाऊक होतं. तिने तांब्याची परात घेतली, मूठभर मोहरी घेतली, तेलात शेंदूर कालवला आणि नदी गाठली.

मागोमाग महाराज आले, प्रधान आले, अर्धं गाव आलं.

आस ज्या खांबावर टेकला होता, त्या खांबावर हौसाने परात ठेवली आणि मोहरी पसरली. प्रधानांनी लगेच हरकत घेतली. हात चाकाला लावायचा नाही असं ठरलंय, खांबाचं कुणी काही बोललेलं नाही, असं तिने नम्रपणे सांगितलं. महाराजांनी मान हलवली. हलवावीच लागली.

चाक फिरत होतं. पात्यामागून पातं पाण्यावर आपटत होतं आणि मोहरी नुसती थरथरत होती. मग एक पातं आपटलं आणि मोहरी टुणकन उडाली. जात्याचा दगड तडकला की पीठ असंच एका जागी उडतं. हौसाने पुढच्या फेऱ्याची वाट पाहिली. मोहरी उडाली तशी तिने पाण्यातून वर येणाऱ्या त्या पात्यावर शेंदराचा गोळा फेकला. तेलातला शेंदूर तो, मारुतीच्या अंगावरून निघत नाही, तर पात्यावरून काय निघणार!

मग ती चाकाकडे पाठ करून परातीसमोर बसली. मोहरी उडाली की "आलं," म्हणायची. लोक बघायचे, तर तांबडं पातं पाण्यात. दर फेऱ्याला तेच. भिवाच्या जिवात जीव आला.

महाराज मात्र हट्टाला पेटले. "मोहरी काय, कशानेही उडते. तडा दिसला कुठे? आमचं चाक थांबणार नाही."

"नकाच थांबवू, महाराज," हौसा म्हणाली. "उद्या दसरा. शाहीस्नानाचा चौरंग दरवर्षीसारखा चाकाखालीच, पात्यांवरून गळणाऱ्या पाण्यात मांडू. तांबडं पातं डोक्यावरून जाताना महाराजांनी तेवढं डोळे मिटून बसावं."

तांबडं पातं एकदा वरून गेलं. पुन्हा गेलं. महाराजांनी ते दोन्ही वेळा नीट पाहिलं आणि खाकरले.

"चाक थांबवा."

"पण महाराज," प्रधान कुजबुजले, "पाचपंचवीस राजांना..."

"त्यांच्यापैकी कुणी चौरंगावर बसणार आहे का?"

चाकाकडे येणारा पाण्याचा पाट बंद करून चाक थांबवलं. भिवाने तांबड्या पात्याला हात लावला आणि पातं त्याच्या हातातच आलं. ते बघून महाराज असे हसले, असे हसले, की प्रधानांनाही हसावं लागलं.

हौसाला चांदीची परात मिळाली. मोहरी उडाली की कुणाला न विचारता चाक थांबवायचा हक्क भिवाला मिळाला. आणि त्या दसऱ्याचं शाहीस्नान राजवाड्याच्या न्हाणीघरात, घंगाळातल्या ऊन पाण्याने झालं.