धोंडूचा घाणा

सांबरखारच्या खाडीकाठी, बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, कबरस्तानाला लागून, एक दगडी उखळ जमिनीत अर्धं रुतलेलं आहे. जुन्या तेलघाण्याचं. त्यात फिरणारी लाकडी लाट कधीच कुजून गेली, बैलाच्या फेऱ्यांची वाट गवतानं गिळली. काठाला हात लावला तर मात्र दचकायला होतं. भर उन्हातही तो गार लागतो, आणि बोटं ओशट होतात.

कबरस्तानाची किल्ली शेगुलाबाईंकडे असते. गावात आता त्यांच्या समाजाचं दुसरं घर उरलेलं नाही. सुट्टीत आजोळ बघायला इस्राएलहून कोणी आलं, की त्या कबरींच्या रांगांमधून पुढे चालतात. सगळ्यात जुन्या कबरींवर नावंच नाहीत. मग येतात रहमाजी, समाजी, ठकूबाई. त्यांच्या पुढे शमुवेल, बिन्यामीन, रिवका. साहेबाच्या राज्यात आल्बर्ट नि फ्लोरा. त्यापुढची नावं इथे नाहीत. ती माणसं तिकडे जन्मतात, तिकडेच मातीत जातात.

मागे एक मुलगी कडेवर बाळ घेऊन आली होती.

"नाव काय गं ह्याचं?" शेगुलाबाईंनी विचारलं.

"नोआम. म्हणजे गोडवा, आजी. तिकडे हल्ली फार चालतं हे नाव."

"चालू दे. आणि तू काय म्हणतेस त्याला?"

मुलगी लाजली. "पुपिक. म्हणजे बेंबी."

"मग आधी त्या नावानं हाक मार त्याला. घाण्यापाशी उभी आहेस."

आणि त्यांनी सांगायला घेतलं.

फार पूर्वी हा घाणा हसाजी तेल्याचा होता म्हणे. शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, बैलाच्या खांद्यावर जू चढत नसे, एवढ्यावरून पंचक्रोशी ह्या लोकांना ओळखायची. हसाजीची बायको आकुबाई. तिचा पाळणा हलायचा आणि थांबायचा. नवसासायासानं ठेवलेली, कौतुकाची नावं घेऊन लेकरं आली आणि गेली. शेवटच्या खेपेला तिनं एलियाहू हन्नबीला, त्यांच्या प्रेषिताला, नवस केला : हा राहू दे. ह्याला मी असं नाव देईन, की कोणाचा डोळा जाणार नाही. लग्नाच्या मांडवापर्यंत तेच नाव चालवीन.

नाव ठेवलं धोंडू.

आणि धोंडू राहिला. बैलामागे दुडुदुडु धावायचा, पेंडीचे तुकडे तोंडात कोंबायचा. आकुबाईनं घाण्यावरून "धोंड्याऽ" म्हटलं, की असेल तिथून मान वळवून "ओऽ" द्यायचा. ती ओ ऐकायला ती उगाचच हाका मारायची, असं सांगतात.

त्या सुमारास कोचीकडून एक विद्वान गावात आले. माणूस वाईट नव्हता. विसरलेल्या प्रार्थना त्यांनी शिकवल्या, सण लावून दिले. पण नावं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "ही कसली नावं? तुमची नावं ग्रंथात आहेत, ती घ्या." गाव शरमलं. रहमाजीचा रहमीम झाला, समाजीचा शमुवेल. हसाजीचा यहेज्केल झाला आणि तो दोन बोटं उंच चालायला लागला.

"आणि पोराचं नाव दगड?" विद्वानांनी विचारलं.

"नवसाचं आहे, बाबा," आकुबाई म्हणाली. "त्याला हात लावू नका."

तेव्हा त्यांनी तो विषय सोडला. पण पुढल्या थंडीत धोंडूला ताप भरला. ताप उतरेना. तेव्हा विद्वानांनीच तोड सुचवली. आपल्यात जुनी रीत आहे, म्हणाले. आजारी माणसाचं नाव बदलायचं. मृत्यूचा दूत जुन्या नावानं शोधत येतो, त्याला माणूस सापडत नाही. "ह्याला हाइम म्हणू. हाइम म्हणजे जीवन. जुनं नाव मात्र कोणी तोंडातून काढायचं नाही. निघालं, की तो दारात आलाच समजा."

"नवसाचं काय?" आकुबाईनं विचारलं.

"आता नवस धरून बसतेस, का पोराला वाचवतेस?" हसाजी ओरडला. "दगड दगड म्हणून तूच त्याला निजवलंस!"

आकुबाई घाबरली. भ्यालेल्या माणसाला जो मोठ्यानं बोलतो त्याचंच खरं वाटतं. तिनं मान हलवली.

एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिद्याचं ताट मांडलं. प्रार्थना झाली. सगळं गाव खाटेभोवती जमून हाका मारू लागलं. "हाइम! बाळा हाइम!" पोरानं डोळे उघडले. ह्याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. कोणाला बोलावताहेत, ते त्याला कळेना. मग तो आईला शोधायला लागला. आकुबाई पायथ्याशी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती, आपल्या तोंडून ते नाव निसटू नये म्हणून. त्यानं बघितलं, वाट बघितली. ती हाक मारील म्हणून थांबला, असं सांगतात. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्याचं नाव जीवन असताना तो गेला.

पुरून माणसं परतली. आकुबाई घरी गेलीच नाही. घाणा सुतकानं बंद, उखळ कोरडं. त्यात तोंड घालून ती "धोंड्याऽ" म्हणून ओरडली. घसा फुटेस्तोवर ओरडली. आणि म्हणे, त्या कोरड्या उखळात खालून तेल चढायला लागलं. ना तीळ, ना बैल. काठोकाठ भरलं.

गाव धावलं. विद्वान गुडघ्यांवर आले, रडले. "एलियाहू हन्नबीची कृपा! ह्या तेलानं प्रार्थनास्थळातला दिवा लावू."

आकुबाईनं मान वर केली. "तेल कोणी मागितलं होतं? इथवर त्याचा हात पोचत होता, तर काल कुठे होता?"

तिनं ओंजळींनी ते सगळं तेल खाडीच्या मातीत उपसून टाकलं.

पुढे गावात पाळणा हलला, की बारशाच्या दिवशी ती न बोलावता यायची आणि आडवी उभी राहायची. "ग्रंथातलं नाव ठेवा, नाहीतर आभाळातलं आणा. पण आधी आईला तिच्या नावानं हाक मारू दे. पोर वळलं, की मग तुमचं चालवा." हसाजीनं तिला कित्येकदा ओढून घरी नेलं. शेवटी त्यानं ओढणं सोडलं. आकुबाई म्हातारी झाली, गेली. रीत राहिली. प्रार्थना म्हणवणाऱ्या हज्जानानं नाव पुकारण्याआधी सगळे पुरुष गप्प उभे राहायचे. आईनं हाक मारली, की मगच घसे मोकळे व्हायचे.

गोष्ट संपली. मुलीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. "आणि दगडानं कधी ओ दिली, आजी?"

शेगुलाबाईंनी बाळाकडे बोट केलं. मुलगी हळूच म्हणाली, "पुपिक." बाळानं चटकन मान वळवली आणि हसलं.

आजही शनिवार सरला, की शेगुलाबाई उखळाच्या काठाला तेल लावतात आणि "धोंड्याऽ" म्हणून हाक मारतात. मग कान देऊन थोडा वेळ उभ्या राहतात. दगड ओशट होतो, लावलं त्याहून भरभरून ओशट होतो. ओ मात्र देत नाही.